उजव्या कुशीला कान

रात्री दोनला घदीर बसली, उठली, पुन्हा बसली.
मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत राहिली,
जणू तिथून कोणी हाक मारली.

कान लावला. उजव्या कुशीला, वरच्या अंगाला,
जिथे धडधाकट घोडीत मिनिटा-दोन मिनिटांनी
हंड्यात पाणी कोसळल्यासारखं वाजतं.
वाजलं नाही.
खाली, पोटाच्या तळाशी मात्र
बारीक खसखस होती,
लाट मागे सरताना होते तशी.
बरकाचा समुद्र तबेल्यापासून चार किलोमीटर.
हा तो नव्हे.
ही तिने गवतासोबत वेचलेली वाळू.

घोड्याला ओकता येत नाही.
अण्णा सांगायचे, दोंडाईचा स्टेशनाबाहेर
टांग्याच्या दांडीला टेकून, बिडी विझवत :
"आत गेलं ते त्याला पार न्यावंच लागतं, सुपडू.
म्हणून तोंडाशी आपण उभं राहायचं."

मी उभा नव्हतो.
ठाणातली रबरी चटई फाटली होती.
खल्फानना दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला
आणि आठ दिवस गवत तसंच टाकलं, उघड्या जमिनीवर.
ती ओठांनी शेवटची काडीसुद्धा टिपते.
गुणाची आहे. ताटात काही ठेवत नाही.

दुपारची लीद हातमोज्यात भरली,
पाणी ओतलं, खुंटीला टांगला.
वीस मिनिटांत बोटं जड झाली,
आधी करंगळी, मग सगळी.
पाचही बोटं खाली. एकही माझ्याकडे रोखलेलं नाही.
तरी बघवेना.

सीबहून डॉक्टर इद्रिस आले, अंगात उलटा शर्ट.
नाकातून नळी, नळीतून इसबगोल.
वास आला आणि मी ओसरीवर पोचलो :
जेवणानंतर अण्णा पेल्यात चमचा ढवळतायत,
तोंड वेंगाडतायत, "घोटभर गिळलं की सकाळी राजा."
तेच भूस घोडीच्या पोटात चाललंय,
बादलीच्या मापाने.

मग चालणं.
लोळू द्यायचं नाही, पळवायचं नाही, नुसतं चालणं.
कुंपणालगत मी, ती, आणि
लगामाची दुसरी बाजू धरून अल्लाबचायो,
जो सिंधीत तिची समजूत काढत होता
आणि मधूनमधून माझी.
किती फेऱ्या, मोजल्या नाहीत.
दर फेरीला थांबून कान लावायचा.
तिचा घाम माझ्या गालाला. आत कोरडी विहीर.

पहाटेची बांग झाली तेव्हा
काहीतरी गुरगुरलं.
मला वाटलं माझंच पोट.
अल्लाबचायोने बोट ओठांवर ठेवलं.
पुन्हा. लांबून, मग जवळून,
आणि मग तो हंडा, भरभरून.

लीद पडली सव्वासहाला.
ओली, काळपट, वाळूने कचकचीत.
आम्ही दोघे तिच्यापाशी वाकलो,
बाळाचा चेहरा कोणावर गेलाय बघावं तसे.
खल्फानना फोन केला. म्हटलं, झाली.
पलीकडे "अल्हम्दुलिल्लाह", आणि मग
बराच वेळ नुसता श्वास. फोन ठेवेचनात.
चटईचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं.

आता तिला दुपारपर्यंत काही नाही.
मग भिजवलेलं गवत, मूठभर,
मग दोन तासांनी दुसरी मूठ,
जव इतक्यात नाहीच,
खजूर तर नाहीच, कितीही डोळे करू दे.
पाणी सावलीत. बादली रोज घासलेली.

कमलचा फोन आला, जेवलास का?
डबा कडेलाच होता, रात्रीच्या दोन चपात्या.
पण घदीर दारावरून मान काढून
डब्याकडे बघत होती.
झाकण परत लावलं.
म्हटलं, जेवतो. दुपारी.
आणि हातमोजा उलटा करून
नळाखाली धरला.