जप्त मुद्देमाल, नग एक

परभणीच्या सायबर सेलला खिडकी नाही.
आधी इथं जुनी बाडं ठेवायचे,
अजून वाळवीचा वास येतो.
पाकिटावर माझंच अक्षर:
काळा मोबाइल, कोपरा फुटलेला,
सुगंधा खिल्लारे, निवृत्त शिक्षिका, रा. जिंतूर.

गुन्हा काय ते तिसऱ्या पानावर आहे.
जे कुठल्याच पानावर नाही ते सगळ्यांना माहीत:
ज्या गावांत टँकर आलाच नाही
तिथं रोज चार खेपा लिहिल्या गेल्या,
आणि कोरड्या हौदांचे फोटो, तारखांसकट,
कुणीतरी बाईंना पाठवत राहिलं.
कुणीतरी म्हणजे अकरा जण. किंवा चौदा.
साहेबांना नावं पाहिजेत.

मशीन नांदेडहून आली
जीपमध्ये मांडीवर, तान्ह्या लेकरासारखी.
तीन दिवस निळा दिवा लुकलुकत होता.
सोबतचा पोरगा वाघमोडे
चहात पाव बुडवत म्हणाला,
"मॅडम, सरकारकडं सगळं असतंय.
फक्त विश्वाचं वय कमी पडायलंय."
आणि हसला नाही.
मग विचारलं, हे आकडे लपतात कसे, माहितेय का?

माहीत होतं.
नववी ब, पत्र्याचा वर्ग, मार्च महिना.
"ज्वारी दळ, बाजरी दळ, एकात कालव.
सोपंय ना? लेकराला पण जमतं.
आता घे चाळण, अन् दे मला वेगळं करून.
मूळ संख्यांचा गुणाकार असाच असतो, पोरी.
गिरणी एकाच अंगानं फिरते."

गुरुवारी साहेब आले.
टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला.
"बाईंना सकाळपासून बसवून ठेवलंय.
बीपीची गोळी घरी राहिली म्हणतात."
पुडा फोडत म्हणाले,
"कुलूप फुटंना, तर माणूस फुटंल."

संध्याकाळी फोन हातात घेतला.
ट्यूबलाइटखाली तिरका धरला, सहज,
ताट नीट घासलंय का बघतात तसा.
स्क्रीनगार्ड तीन जागी झिजलेलं.
एक.
तीन.
पाच.
कुलूप सहा आकडी, खुणा तीनच.

कानात खडू करकरला.
"पायची किंमत पाठ होईना? मग लिहा,
एक एक तीन तीन पाच पाच.
मधोमध चिरा. मागचं वर, पुढचं खाली.
भागून बघा,
दशांशाच्या सहा घरांपर्यंत चूक निघायची नाही."
वर्गात आम्ही त्रेचाळीस होतो.
त्यातलं कुणी हे विसरलं असेल
असं मला वाटत नाही.

दहा चुका झाल्या की हा फोन
आपलं आपण सगळं पुसून घेतो.
मला दोनच प्रयत्न लागले असते,
फार तर.

(माझ्या फोनचा आकडा माझ्या मुलीचा वाढदिवस.
त्या दिवशी अख्ख्या ठाण्यानं पेढे खाल्लेत.)

"कळलं का काही?" साहेब दारातून.
वाघमोडे वायर गुंडाळत होता.
माझा अंगठा काचेपासून बोटभर वर.
"नाही, साहेब."
फोन पालथा ठेवला.

फॉर्मवर एक रकाना असतो: न उघडण्याचे कारण.
लिहिलं, एन्क्रिप्शन मजबूत.
लाख लावली, शिक्का उमटवला, बोट भाजलं.
खोटं काही लिहिलं नाही,
तरी घरी जाईपर्यंत
तीच ओळ मनात खोडत होते.

जाताना चौकातल्या मेडिकलमधून गोळी घेतली,
ठाण्यात परत आले, माठातलं पाणी दिलं.
बाईंनी गोळी गिळली. चष्म्यावरून बघितलं.
"कोणत्या वर्गात होतीस?"
"नववी ब."
जरा जास्तच वेळ बघत राहिल्या माझ्याकडं,
आणि मग हळूच
उजव्या हाताची बोटं
पदराखाली घेतली.