पुंगळ्या

शनिवारी शेवटची फैर झाली की मी खाली वाकते.
डिचोलीच्या रेंजवरची लाल माती, करड,
त्यात बत्तीस पुंगळ्या.
बत्तीस दिल्या, बत्तीस परत;
एक हरवली तर शिरोडकर सर जेवायला जात नाहीत,
आणि कुणालाच जाऊ देत नाहीत.

काडतुसं रेमेदबाब भरतो. चाळीस वर्षं तोच.
क्लबच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून,
कारण वाऱ्याने तराजू खोटं बोलतो.
नाकाच्या शेंड्यावर घाम जमतो,
पण थेंब पडू देत नाही.

माझे वडील समया ओतायचे.
काजळी वाचणं मला अक्षरांच्या आधी आलं:
वात जाड आहे, तेल भेसळीचं आहे,
कुणीतरी दार उघडं टाकून गेलं आहे.

पुंगळीची काजळी वेगळी, हे रेमेदबाबनं शिकवलं.
दारू पुरेशी असली की पितळ निमिषभर फुगतं,
चेंबरच्या भिंतीला गच्च बिलगतं,
धुराला मागे यायला वाट राहत नाही.
कमी पडली, तर भिंतीपर्यंत पोचत नाही,
आणि त्या केसाएवढ्या फटीतून
धूर मागे वळून तिच्या पाठीवर हात फिरवतो.
"जोर केला त्याचं अंग स्वच्छ," तो म्हणायचा.
"कचरला, तो काळा."

त्या शनिवारी नऊ काळ्या निघाल्या.
एक तर पार बुडापर्यंत.
आवाज मी ऐकला होता,
दाराऐवजी खिडकी आपटावी तसा.
गोळी खाली लागली तेव्हा
मी मनगटाला दोष दिला.
दारू अजून चिमूटभर कमी असती
तर ती नळीतच अडकली असती,
आणि मी पुढची सोडली असती.

सगळ्या एकाच डब्यातल्या.
डब्यावर त्याच्या हातची तारीख,
सातचा आकडा पोर्तुगीज शाळेतला, कंबरेला रेघ असलेला.
या वेळी ती रेघ
सातला सोडून पुढच्या आकड्यात शिरली होती.

मी कुणाला सांगितलं नाही.
वॉचमनच्या बायकोकडून वाटीभर आगळ मागून आणलं,
नळाखाली बसून नऊच्या नऊ घासल्या,
बोटं लाल होईपर्यंत, समया घासतात तशा.
मग बत्तीसांत मिसळून टाकल्या.

रेमेदबाबनं डबा उघडला.
तेवीस मळक्या, रोजच्यासारख्या.
नऊ लख्ख, आंबटाने किंचित गुलाबी.
मोजल्या नाहीत त्याने.
एक उचलून नाकाशी धरली.
"आगळ," म्हणाला.
मग चष्मा काढून काचा शर्टाला पुसत राहिला,
पुसण्यासारखं काही नसताना, बराच वेळ.

पुढच्या शनिवारी तो आला नाही.
माझ्या बाकावर फडक्यात गुंडाळलेला तराजू,
खोलीची किल्ली,
आणि कागदाच्या पुडीत एक पुंगळी,
बुडापर्यंत काळी. माझी नव्हे.
पुडीवर तारीख फेब्रुवारीची.

फेब्रुवारी.
म्हणजे चार महिने तो भरत होता
आणि मी नेम धरत होते.

राग आला. खरंच आला.
कुठे न्यावा कळेना, तेव्हा
ती पुडी होती तशी खिशात ठेवली,
खोली उघडली,
आणि पंखा बंद केला.