चाळिसावी ताटली

खानापूरच्या पॉटरीत मी कडा रंगवायची.
फिरकीवर चिनीमातीची ताटली, बोटांत खारीच्या केसांचा ब्रश,
श्वास धरायचा आणि फिरकीला टिचकी द्यायची.
रेघ निघाली तिथंच येऊन मिळाली पाहिजे.
सांधा दिसला तर बसाप्पा मेस्त्री
न बोलता ताटली बादलीत टाकायचे.

जांबोटीच्या रानातल्या कापऱ्यांनी
चाळीस ताटल्या सांगितल्या, त्या वर्षाची गोष्ट.
कापरे हे आम्हीच ठेवलेलं नाव.
बाया एका दारानं, बाप्ये दुसऱ्या.
लग्न नाही, पोर नाही, उताऱ्यावर कुणा एकाचं नाव नाही,
आणि तिन्हीसांजेला प्रार्थनेला उभे राहिले
की टाचेपासून थरथरत वर यायचे,
लोंबीवर आलेल्या भातासारखे.

तायव्वा आली होती. कानडी हेल काढत म्हणाली,
"फुलं नकोत, वेल नको, देवाचं नावसुद्धा नको.
एक निळी रेघ. पण सगळ्या एकसारख्या.
माझी कुठली, तुझी कुठली, कळता कामा नये."

नऊ दिवस श्वास धरला.
सतराव्या ताटलीला लोंढ्याची मालगाडी गेली
आणि रेघेला केसाएवढी लाट आली.
मेस्त्री जेवायला गेले होते.
मी ती तशीच भट्टीत सरकवली.

पुढच्या सुगीला तायव्वा मीठ न्यायला आली, तेव्हा म्हणाली,
"लाटेची ताटली सगळ्यांनाच हवी असते.
आता आम्ही डोळे मिटून वाढतो."

पॉटरी बंद पडली. मेस्त्री गेले.
माझ्या परसात विजेची एक लहान भट्टी आहे,
शाळेच्या पोरांच्या पणत्या भाजते त्यात.

परवा अकराच्या बसनं ती आली, काठी टेकत.
पदरातून तुकडे काढले.
"एक फुटली. करून दे."
किती जण आहात आता?
"तिघी."
मग एकोणचाळीस पुरत नाहीत?
ती बराच वेळ अंगणातल्या कोंबडीकडं बघत राहिली.
"जेवायला पुरतात.
धुऊन मोजताना अडखळायला होतं."

माझा हात आता कापतो. तिला दाखवला.
बाजारात भेंडी बघावी तसा तिनं तो
उलटापालटा करून बघितला
आणि परत दिला.

काढली रेघ. सांधा दिसतो.
भाजायच्या आधी कोबाल्ट राखेसारखाच असतो,
निळा किती उतरेल ते बुधवारी कळेल.

ती गेल्यावर तुकडे जुळवत बसले,
माप हवं होतं म्हणून.
सगळे बसले.
लाटेचा तेवढा नव्हता.