सेवा सुरळीत

डंडी. जानेवारी. रात्रीचे दोन चाळीस.
उशीखाली फोन थरथरतो
आणि मी झोपेतच म्हणते, हो, आले,
जणू कुणी दारात उभं आहे.

थंड गल्ली एकतीस अंश.
(यंत्रांच्या दोन रांगांमधल्या वाटेला आम्ही थंड गल्ली म्हणतो.
त्यांच्या पाठीमागे गरम गल्ली,
तिथे इशबेल आपले ओले मोजे वाळत घालते.)
चिलर क्रमांक दोन बंद.
चिलर क्रमांक एक सप्टेंबरपासूनच बंद,
त्याचा सुटा भाग कुठल्याशा बंदरात
कागदांची वाट बघत पडलाय.

एक हजार नऊशे चार कामं धावतायत.
बेलफास्टची, लेस्टरची, ॲबर्डीनची,
कुणाचे मेंदूचे स्कॅन,
कुणाची प्रथिनं, घडी पडते, मोडते, पुन्हा पडते,
कुणा चारशे जणांच्या आतड्यांतले जंतू.
नावं नाहीत. नावं पुसणं हेच आमचं पहिलं काम.
नुसते आकडे: रुग्ण शून्य शून्य तीन एक सात.
तरी एखाद्या रात्री मनात येतं,
तीन-एक-सातला आज जेवण गेलं असेल का.

पांझरेकाठी आमच्या फडावर पाटकरी होता.
कुणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ, ते तो ठरवायचा.
त्याला स्वतःची गुंठाभरही जमीन नव्हती,
म्हणूनच भरवसा, असं लोक म्हणायचे.
या रांगेत माझंही एक काम नाही.

चाचणीच्या यंत्रावर चुकलं तर त्याला अनुभव म्हणतात.
इथे चुकीला पत्ता असतो.

नियम असा: पारा पस्तीसला टेकला
की सगळ्यात जास्त खाणारं काम आधी मारायचं.
नियम मीच लिहिला. बैठकीत, चहा पीत, दिवसाउजेडी.
आणि सगळ्यात जास्त खाणारं काम
कार्डिफच्या ग्वेनो प्रीसचं,
पीएचडीचं चौथं वर्ष,
कामाचं नाव "शेवटचा_प्रयत्न_४".
अकरा दिवस धावलंय, बारावा चालू.
वाटेत कुठेही खूण ठेवलेली नाही;
मारलं की पहिल्यापासून.
दोनदा लिहिलं होतं तिला, बाई, खुणा ठेव.
उत्तरात हसरा चेहरा आला होता.

तेहेतीस.

इशबेल आली, पायजम्यावर कोट.
काही विचारलं नाही.
मागचं आगीचं दार खांद्याने ढकललं
आणि कधीच्या मेलेल्या एका बॅटरीचं धूड
त्याला टेकण लावून ठेवलं.
हे कशातच बसत नाही: धूळ, खारी हवा, चोर, विमा.
टे नदीवरून वारा थेट आत आला,
चिखलाचा, डिझेलचा वास घेऊन,
कुणाचीही परवानगी न घेता
सगळ्या विद्यापीठांच्या कामांवरून सारखाच फिरला.

चौतीस.
चौतीस.
चौतीस.
आज्ञा लिहून तयार. बोट एंटरवर, न दाबता.
मग तेहेतीस पूर्णांक आठ.

तरी चाळीस कामं मारली. लपवत नाही.
तासाभरापूर्वी लागलेली, कोवळी होती;
आपोआप पुन्हा रांगेत उभी राहतात,
मालकांना कळतही नाही.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं,
म्हणजे एकदा पुरलं नसावं.

सहाला फलकावर हिरवं.
सेवा सुरळीत, मी लिहिलं.

दुपारी कार्डिफहून पत्र:
काल रात्री तीन ते पाच
काम इतकं रखडलं का?
हसरा चेहरा नव्हता.
तपास सुरू आहे, असं कळवलं,
आणि दार लावायला गेले.

गरम गल्लीत इशबेलचे मोजे
ओलेच.