इतर स्रोत

एकतीस जुलै. घाटंजीत लाइट आहे, नेट नाही.
मग नेट येतं, तर ओटीपी बाबांच्या फोनवर,
आणि बाबा आठवडी बाजारात,
फोन सदऱ्याच्या आतल्या खिशात.
कानाला ऐकू येत नाही ते वेगळंच.

तोवर मी वह्या जुळवते.
नागोराव चिंतलवार, परवानाधारक सावकार.
परवान्याचा कागद नवा, फ्रेम तीच,
डावा कोपरा वाळवीनं खाल्लेली.
कोतवालाच्या घरची बोरमाळ: सुटली, व्याजासकट.
शिंप्याची अंगठी: मुद्दल उभं, व्याज अर्धं.
टेम्पोवाल्या रफिकची साखळी:
दोनदा बाहेर गेली, तिसऱ्यांदा आत.

बाबांचा हिशेब रोखीचा.
"आलं ते उत्पन्न. जे याचंच हाय, त्याच्यावर टॅक्स कायचा?
उद्या नळ येनार म्हनून आज गुंड भरते का कोनी?"
कायदा याला रोख पद्धत म्हणतो,
बाबा अक्कल म्हणतात.

लाल वहीच्या शेवटच्या पानावर खातं: घरचे.
बाबांच्या तरुण अक्षरात एकच ओळ.
सौ. – ११,५०० – बिनव्याजी.
नाव नाही. तारीख तीस वर्षांपूर्वीची,
माझ्या जन्माच्या आदल्या दिवाळीची.

आई अंबाडी निवडत होती.
"माह्या बापानं देल्ते, पाटल्या कराले.
तुह्या बापाले परवाना भेटला, न् तिजोरी रिकामी.
मंग पाटल्या रायल्या."
देठ एकीकडे, पानं एकीकडे.

मी कॅलेंडरच्या मागे आकडे मांडले.
बारा टक्के, वर्षाचे तेराशे ऐंशी,
तीस वर्षांचे एकेचाळीस हजार चारशे.
चक्रवाढ लावलं नाही,
कॅल्क्युलेटर हातात होता तरी.

बोबडे वकिलांना फोन केला.
म्हणाले, मागचं टाकता येत नाही.
तुमची पद्धत रोखीची.
दिलं तेव्हाच दिलं.
म्हणजे तीस वर्षं जे दिलंच नाही
ते कुठल्याच वर्षाचं नाही.
पुढचं द्या, चेकनं द्या. आणि हो,
पैसा नवऱ्यानं दिलेला असता
तर व्याज फिरून त्याच्याच उत्पन्नात मिसळलं असतं.
माहेरचा आहे ना?
मग मिसळू नका.

बाबा आले, वांग्याची पिशवी, ओटीपीची मुदत संपलेली.
मी वही समोर ठेवली.
"घरात कोनी व्याज घेते काय?"
मी काही बोलले नाही. त्यांनी चष्मा लावला.
"दर काय लावला?"
बारा.
"जास्त हाय."
मग बोट त्या ओळीवर बराच वेळ.
"तारन काय होतं?"
काहीच नाही.
"बिनातारनी," बाबा म्हणाले, गिऱ्हाइकाला सांगावं तसे,
"मंग बराबर हाय बारा."
आणि मार्चच्या तारखेचा चेक लिहून
तिजोरीत ठेवला. नावाच्या जागी
आधी सौ. लिहिलं होतं. खोडलं,
खोडलेल्यावर सही केली,
आणि पुढे लिहिलं: विमल नागोराव चिंतलवार.

पुढचा जुलै.
आईचं पॅन कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत,
कोरं करकरीत, फोटोत ती घाबरलेली.
बाबांच्या विवरणात तेराशे ऐंशी खर्च,
आईच्या विवरणात तेराशे ऐंशी जमा.
बाबांना येतं ते व्याज धंद्याचं.
तिला येतं त्याचा रकाना वेगळा:
इतर स्रोतांपासून.
"इतर म्हंजे कोन?"
म्हटलं, तसं नसतं ते, नुसतं नाव आहे.

ओटीपी या वेळी तिच्या फोनवर आला.
एकेक आकडा तिनं मोठ्यानं वाचला,
दुकानापर्यंत ऐकू जाईल असा.

"किती बसला टॅक्स?"
शून्य.
"शून्य?" ती जरा हिरमुसली.
शेजारच्या गुरुजींना बसतो, बाबांना बसतो.
"म्हंजे कमीच हाय मंग माह्यं."
पावतीचा कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.
"बसाले किती लागते?"