पत्रिकेएवढी फट

पाच हजार ओम इकडे, आठ ओम तिकडे,
म्हणजे पंचवीस फेऱ्यांमागे एक फेरा.
एवढं वहीत सुटतं.
पुढचं सुटत नाही.

टेबलावर तीन ट्रान्सफॉर्मर.
पहिला मुंबईहून कुरियरनं आलेला,
काळं कव्हर, चार पितळी स्क्रू, वॉरंटीचं कार्ड.
दुसरा दोंडाईच्याच्या भंगारातला,
कुठल्या तरी मोठ्या रेडिओच्या पोटातून काढलेला;
वितळून पुन्हा गोठलेल्या मेणात एक मुंगी.
तिसरा दगा मिस्तरीचा.

नाव दगा, दिला कधी नाही.
धुळ्यात आग्रा रोडच्या मागे पत्र्याचं दुकान,
बाहेर जळक्या पाणबुडी मोटारी
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.
मी कागद पुढे केला : तीन हजार फेरे, थराथरांत वाटून,
मध्ये मध्ये जाड तारेचे एकशे वीस.
त्यानं चष्मा कपाळावर नेला.
"हाई मोटर कितला हॉर्सपावरनी शे?"
चार वॅट, म्हटलं.
"चार वॅट? यामा ते डास बी मराव नही."

मग सांगितलं त्याला :
व्हॉल्व्ह एकच आहे. जोडीदार असता
तर दोघांनी लोखंड दोन बाजूंनी तोलून धरलं असतं.
हा एकटा. वीज एकाच अंगानं वाहत राहते
गाणं असो, नसो,
आणि लोखंड भरतं काठोकाठ, रांजणासारखं;
वरून सूर ओतला की सांडतो.

तो अंगठ्यानं तार चाचपत होता.
"म्हंजे त्याले दम लेवाले जागा ठेवनी पडी."
खणातून एक लग्नपत्रिका काढली,
कात्रीनं पट्टी कापली
आणि पत्र्यांच्या दोन थप्प्यांमध्ये सरकवली.

परीक्षेला गाणं लावलं नाही.
गाण्यात कान फितूर होतात.
सोनगीरच्या तांबट आळीत कधीतरी टेप केलेला
हंड्यावरचा ठोका, बस्स.

मुंबईवाल्यातून ठोका स्वच्छ आला,
घडी घातलेल्या रुमालासारखा.
भंगारवाल्यात तो शेजारच्या घरात पडला.
तिसऱ्यात आधी नुसती घरघर.
उठलो, ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला, घरघर बसली.
मग ठोका. ठोक्यामागून हंड्याचं पोट,
पोटातला अंधार,
आणि दोन ठोक्यांमध्ये तांबटाचा खोकला,
जो त्या टेपवर आहे हे
अकरा वर्षं मला ठाऊक नव्हतं.

मोजमापात मुंबईवालाच सरस.
दगाच्या हातून वरच्या पट्टीतलं थोडं गळतं,
तेही वहीत लिहिलं, तारीख घालून.
मग कावीय तापायला ठेवला.

पत्र्यांच्या कडेला पट्टी जराशी बाहेर राहिलीय,
गुलाबी. कुणाचं लग्न, कळत नाही.
"कृपया आहेर आणू नये"
यातलं "नये" तेवढं वाचता येतं.