प्रतिसाद : शून्य

गांबोआत रात्री कालव्यातून मालवाहू जहाजं जातात,
इतक्या जवळून की टेबलावरची टाचण्यांची डबी थरथरते.
डबी गप्प होईस्तोवर थांबून
मग एनेइदा दोरी ओढते.

गाळणं वर उचललं जातं. खाली बेडकी,
अंगठ्याच्या पेराएवढी, मातकट, ओली.
डावीकडचा स्पीकर नुसताच हेल काढतो.
उजवीकडचा हेल काढून शेवटी जोडतो
एक 'चक्',
जीभ टाळूला लावून सोडावी तसं.

हा आवाज ज्याचा, तो नर सात वर्षांमागे
एखाद्या वटवाघळाच्या पोटात गेला असणार
(त्यालाही ते 'चक्'च आवडतं).
बेडकीला हे कोण सांगणार?
ती वळते. तीन उड्या, विसावा, चौथी,
आणि स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसते.
कुणी नाही तिथे. तरी बसते.

एनेइदा लिहिते : उजवा. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद.

कानापासून पायापर्यंत अंतर ते केवढं!
पण वाटेत, मेंदूच्या मध्यावर,
खसखशीच्या दाण्याएवढी एक चौकी.
सगळे आवाज तिथवर येतात,
मांडीपर्यंत पोचतो एखादाच.
बाकीचे, म्हणजे जहाज, पंखा, एलिएसेरची शिंक,
कानावर आले,
मनावर घेतले नाहीत.

दुसऱ्या रात्री तीच बेडकी,
फेसात अंडी घालून मोकळी झालेली.
तेच हेल, तेच 'चक्'.
बसून राहते. पाच मिनिटं. दहा.
गळा तेवढा हलतो.

"बहिरी झाली का?" एलिएसेर विचारतो.
नवीन आहे, मार्चपासून.
"नाही रे. आत सुई लावून बघ,
काल उसळली तितकीच उसळेल ती चौकी.
ऐकू येतंय तिला.
पाय निघत नाही."
आणि रकान्यात शून्य मांडते,
जरा मोठंच.

तेवढ्यात फाटकापाशी अब्दिएलच्या पिकअपचा हॉर्न :
दोन लांब, एक आखूड.
अकरा वर्षं त्या आखूडपाशी
ती वाक्य अर्धं टाकून उठायची,
पेन्सिलसुद्धा तशीच उघड्या वहीत.

हॉर्न पुन्हा वाजतो.
एलिएसेर दाराकडे बघतो, मग तिच्याकडे.
तिच्या मानेवरची शीर
एकदा उडते, त्याला दिसते.

"दोनशे सतरा नंबर," ती म्हणते,
"पिशवी ओली करून आण."